इटलीला जातोय: आई माळकरी, बाबा द्राक्षवाले. काय खावं, काय प्यावं?

तासगावकर_सध्या_पुणे | २ सप्टेंबर, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

१४ ऑक्टोबरला आम्ही चौघं इटलीला निघतोय. मी, बायको, आई आणि बाबा. रोम ४ रात्री, फ्लॉरेन्स ४, बोलोन्या २, व्हेनिस २. टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. माझा आणि बायकोचा प्रश्न नाही, आम्ही पुढ्यात येईल ते खातो-पितो. प्रश्न वरच्या पिढीचा आहे.

आईच्या गळ्यात तीस वर्षं माळ आहे. मांस, मासे, अंडं, दारू काही म्हणजे काही नाही. कांदा-लसूण चालतो, हीच काय ती पांडुरंगाची कृपा. बाबांनी चाळीस वर्षं द्राक्षबाग केली, आता सगळा माल बेदाण्याला जातो. आयुष्यात वाईनचा थेंब घेतलेला नाही, पण तिकिटं काढली त्या दिवशी म्हणाले, "ज्या द्राक्षाची दारू होते ती बाग मला बघायची." यंदा फळछाटणी लवकर उरकून येतायत. द्राक्षवाल्याने ऑक्टोबरात बाग सोडून परदेशी जाणं म्हणजे काय, हे आमच्या भागातल्यांना सांगायला नको.

तर दोन प्रश्न. आईसाठी कुकर न्यावा का? आणि बाबांना कुठली बाग दाखवावी, काय चाखवावं?


सुपारीफोड | २ सप्टेंबर, रात्री १०:५२

कुकर न्याच. रोमन साम्राज्य बुडालं ते वेळेवर शिट्टी झाली नाही म्हणून.


घाटमाथा | २ सप्टेंबर, रात्री ११:२०

चेष्टा बाजूला ठेवा. आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो तेव्हा छोटा इलेक्ट्रिक कुकर, दोन किलो तांदूळ-मूगडाळ, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि चाळीस दशम्या नेल्या होत्या. रोज रात्री खोलीवर मऊभात. सासूबाई खूश, म्हणून आम्ही खूश. एका हॉटेलात मात्र फोडणीच्या धुरानं अलार्म वाजला आणि सगळा मजला रात्री नऊला पायजम्यात रस्त्यावर. फोडणी करू नका, एवढंच सांगणं.


रविवार_सकाळ | ३ सप्टेंबर, सकाळी ७:०५

सहा हजार किलोमीटर जाऊन मऊभात?! पटलं नाही. इटलीत शाकाहारी माणूस उपाशी राहूच शकत नाही. पास्ता आहे, पिझ्झा आहे, रिसोत्तो आहे. मेतकूट घरी ठेवा.


अर्धवट_शेफ | ३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

@रविवार_सकाळ, थांबा जरा. माळकरी बाईंच्या ताटात तुम्ही आत्ता तीन अडचणी वाढल्यात.

पहिली रिसोत्तो. तांदूळ परतला की त्यात पांढरी वाईन पडतेच, आणि शिजतो तो बहुतेकदा कोंबडी नाहीतर गोमांसाच्या पाण्यात. दुसरी पास्ता. सुका पास्ता म्हणजे नुसता रवाळ गहू आणि पाणी, तो चालेल. पण बोलोन्याकडचा ताजा पास्ता, म्हणजे ताल्यातेल्ले, तोर्तेल्लिनी वगैरे, अंड्यात मळतात. पाणी घालतच नाहीत म्हटलं तरी चालेल.

तिसरी आणि मोठी म्हणजे चीज. पार्मिज्यानो रेज्जानो करताना दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात. नियमच आहे, दुसरं काही घालून त्याला ते नावच लावता येत नाही. पेकोरीनो रोमानोला कोकराचं. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका बघायची सवय असते, तिकडे तो ठिपका नाही.


रविवार_सकाळ | ३ सप्टेंबर, सकाळी ९:४१

आली माहिती. एवढं खोलात गेलं तर माणूस पाणीसुद्धा पिणार नाही. धागाकर्ते, आईंना सांगूच नका. नकळत झालेल्याचं पाप लागत नाही.


वैजयंती_का | ३ सप्टेंबर, सकाळी ११:१५

सांगूच नका?? ज्या बाईनं तीस वर्षं एक गोष्ट पाळली, तिच्या वतीनं तुम्ही ठरवणार? मी स्वतः माळकरी आहे. मला कोणी असं फसवून खायला घातलं आणि नंतर कळलं तर मी त्या माणसाच्या हातचं पाणी घेणार नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना. सांगा. ठरवू दे त्यांना.


सुपारीफोड | ३ सप्टेंबर, सकाळी ११:१७

(शेंगदाणे घेऊन पहिल्या रांगेत बसलो आहे.)


मोदेनाकर | ३ सप्टेंबर, रात्री ११:५०

नऊ वर्षं इथे आहे, कामानं गाड्यांच्या धंद्यातला. वैजयंतीताईंशी सहमत, सांगाच. आणि चीज वगळूनही आई उपाशी राहणार नाहीत. जरा सविस्तर लिहितो.

रोममध्ये पिझ्झा मारिनारा मागवा. नाव दर्यावर्दी आहे, पण वर ना मासा ना चीज. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, बस. आर्टिचोक ज्यू पद्धतीनं अख्खे तळतात, 'कार्चोफी आल्ला जुदिया'. कुरकुरीत, पाकळ्या उलगडलेल्या, आपल्या कांदाभज्यांची आठवण येते. पुंतारेल्लेची कोशिंबीर मात्र टाळा, त्यात खारवलेला मासा कुटून घालतात आणि तो दिसत नाही.

तोस्काना म्हणजे फ्लॉरेन्सचा मुलूख आईंसाठी सगळ्यात सोपा. ही माणसं पावटे-घेवड्यावर जगतात, बाकीचे इटालियन त्यांना 'घेवडेखाऊ' म्हणून चिडवतात. शिळ्या पावाची पाप्पा अल पोमोदोरो, पाव-भाजीपाल्याची रिबोल्लिता मिळते, फक्त त्यात मांसाचा ब्रोदो, म्हणजे मांस उकळलेलं पाणी, नाही ना ते विचारायचं. तिथला पाव अळणी असतो. चूक समजून परत करू नका, मीठ घालतच नाहीत. 'फाज्योली आल्लुच्चेल्लेत्तो' दिसलं की भाषांतराचं अ‍ॅप 'पक्ष्याची' असं काहीतरी सांगेल, घाबरू नका. घेवडा, सेज आणि टोमॅटो. पक्षी शिजवताना घालतात तोच पाला म्हणून ते नाव. सॉसेज घातलेलंही करतात, तेवढं बघा.

पीसाला मनोरा बघायला जाणारच. तिथे 'चेचीना' विचारा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं. पुढचं मी सांगत नाही, आई सांगतील.

वाक्य पाठ करून ठेवा: 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा, सेन्झा फोर्माज्जो.' नुसतं 'वेजेतारियाना' म्हटलं तर काही जण हॅमचे बारीक तुकडे मांसात धरत नाहीत.

वेळा सांभाळा. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघर बंद, रात्री साडेसातच्या आत उघडत नाही. बिलात माणशी एक ते तीन युरो 'कोपेर्तो' लागतो, ती लूट नाही, पाव-चादरीचा रिवाज आहे. बिल मागितल्याशिवाय कोणी आणून देत नाही, आणून देणं म्हणजे 'उठा आता' असं होतं. कॉफी काउंटरला उभं राहून प्यायली तर दीडएक युरो, तीच बसून प्यायली की दुप्पट-तिप्पट. आणि जेवणावर काप्पुचीनो मागू नका. देतात, पण आपण बासुंदीवर कोशिंबीर मागितली तर वाढपी जसा बघेल तसे बघतात.


प्रवासी_पाखरू | ४ सप्टेंबर, सकाळी ८:१०

वाखु (वाचनखूण) साठवली. कॉफीवरून: मी 'लाते' मागितली आणि समोर पेलाभर दूध आलं. नुसतं. कोमट. चाळिशीत सगळ्या बारसमोर उभं राहून दूध प्यायलो.


कोकणी_बाणा | ४ सप्टेंबर, सकाळी १०:०२

तुम्ही दुधावर सुटलात. व्हेनिसजवळ एका ठिकाणी मेनूत मासा ८ युरो वाचला. म्हटलं, रत्नागिरीपेक्षा स्वस्त. नऊशे ग्रॅमचा मासा आणून दाखवला, मी खाटकासारखी मान डोलावली. बिल ७२. मेनूत बारीक अक्षरात 'एत्तो' लिहिलेलं, म्हणजे दर शंभर ग्रॅमला. फ्लॉरेन्सची बिस्तेक्का, म्हणजे गोमांसाचा जाड तुकडा, तीही अशीच वजनावर असते. आईंना लागू नाही, पण तुम्ही दोघं 'पुढ्यात येईल ते' खाणारे आहात म्हणून सांगितलं.


तासगावकर_सध्या_पुणे | ४ सप्टेंबर, दुपारी १:३०

सगळ्यांचे आभार. आईला काल रात्री रेनेटचं सांगितलं. पाच मिनिटं गप्प बसली. मग विचारलं, "मग ते दूध त्या वासराच्याच आईचं?" मी हो म्हटलं. "नको मग." संपला विषय. चीज बाद.

आता बाबांकडे वळूया का?


नाशिक_रोड | ४ सप्टेंबर, दुपारी ४:४५

बाबांसाठी: आधी इटली नाही, अकलूज. खरंच सांगतोय. तिथली फ्रातेल्ली ही मोहिते-पाटील बंधू, सेखरी बंधू आणि सेच्ची हे इटालियन भाऊ यांनी मिळून काढलेली वायनरी. 'फ्रातेल्ली' म्हणजेच भाऊ. तोस्कानामधल्या किआंतीत जे सांजोवेझे द्राक्ष लावतात तेच तिथे सोलापूरच्या उन्हात लावलंय. तासगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत. एकच जात दोन मुलखात कशी वागते, हे बागाईतदाराला बघायला मिळेल.


नकोरे_बाबा | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

सत्तरीच्या माणसाला वाईनची सवय लावायची काय हौस? बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा आधी.


तासगावकर_सध्या_पुणे | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३१

विचारलंय. दोन घोटाला परवानगी आहे. डॉक्टरांनी उलट बाटली आणायला सांगितली.


अर्धवट_शेफ | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). बाहेरून येताना माणशी दोन लिटर मद्य आपल्याकडे करमुक्त आहे. चौघांचे आठ. आईंच्या वाट्याचं कोण आणणार हा प्रश्न तुमच्या घरी सोडवा.


मोदेनाकर | ५ सप्टेंबर, रात्री १२:१५

वाईनबद्दल एकच सांगतो: मोठ्या नावांच्या मागे लागू नका. बारोलो, ब्रुनेल्लो उत्तम आहेत, पण पहिल्या घोटाला तोंड आवळतं. कच्चं केळं चघळल्यासारखं. बाबा म्हणतील, यासाठी आलो का! साध्या ओस्तेरियात, म्हणजे खानावळीत, 'उन क्वार्तो' मागा, पाव लिटर घरची वाईन मडक्या-सुरईत येते, तिघांना चाखायला पुरते. व्हेनिसच्या छोट्या गुत्त्यात, त्यांना 'बाकारो' म्हणतात, वाईनच्या इवल्या पेल्याला 'ओम्ब्रा' म्हणतात. ओम्ब्रा म्हणजे सावली. आमच्या एमिल्यात लाम्ब्रुस्को, लाल आणि फसफसणारी, गार प्यायची. ज्यांना वाईन आवडत नाही त्यांना ही आवडते आणि ज्यांना वाईन कळते ते नाक मुरडतात. मी पहिल्या गटात.

अवांतर: बोलोन्यात दोन रात्री आहात तर नोव्हेल्लाराला जाऊन या. रेज्जो एमिल्यापर्यंत मोठी गाडी, पुढे छोटी. या भागातल्या गोठ्यांत गाई सांभाळणारे कितीतरी पंजाबी आहेत, म्हणजे ज्या चीजवरून वर एवढं रामायण झालं त्याचं दूध काढणारे हात आपल्याकडचे. तिथला गुरुद्वारा २००० साली उघडला, उद्घाटनाला इटलीचे माजी पंतप्रधान रोमानो प्रोदी आले होते. लंगरात वरण-भाजी-रोटी. आईंना एक दिवस 'सेन्झा' म्हणायला लागणार नाही.


वैजयंती_का | ५ सप्टेंबर, सकाळी ९:००

@मोदेनाकर, हे वाचून फार बरं वाटलं.


घाटमाथा | ५ सप्टेंबर, सकाळी ९:२२

गाडी भाड्यानं घेणार असाल तर झेड-टी-एल सांभाळा. जुन्या गावांत परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंड सहा महिन्यांनी घरपोच येतो. आमच्याकडे तीन आले. वाईन चाखून चालवू तर नकाच.


रविवार_सकाळ | ५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

झालं धाग्याचं काश्मीर. जेवणावरून चीज, चीजवरून पाप, पापावरून पार्किंग.

बाय द वे मी चिडलो नव्हतो. वैजयंतीताईंचं म्हणणं बरोबर होतं.


तासगावकर_सध्या_पुणे | ४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

परत आलो. वृत्तांत द्यायचं कबूल केलं नव्हतं, पण द्यावासा वाटतोय.

कुकर नेला. दोनदा लागला. @घाटमाथा, फोडणी केली नाही.

आईचं आधी. रोममध्ये सलग तीन दिवस मारिनारा. चौथ्या दिवशी म्हणाली, "ही भाकरी म्हणून वाढली असती तर कौतुक केलं असतं." पीसाला चेचीना कागदात गुंडाळून हातात आली. वर काळी मिरी, कडा जळक्या, मध्ये लुसलुशीत. आईनं एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा नाकाजवळ नेला आणि त्या पोऱ्याला मराठीत म्हणाली, "पोळ्यात ओवा घालत जा रे." तो "सी, सी, सिन्योरा" म्हणाला. मनोरा तिनं नंतर पाहिला, फारसा नाही. पुंतारेल्ले आलीच, कारण मी वाचूनही विसरलो. बायकोनं ऐनवेळी बशी ओढली. नोव्हेल्लाराला गेलो. आई तिथे पोळपाटाशी जाऊन बसली ती दोन तास उठली नाही. पंजाबी बायकांना हिच्या रोट्या फार पातळ वाटल्या.

आता बाबा. अकलूज जमलं नाही, छाटणीतून वेळच मिळाला नाही. फ्लॉरेन्स ते सिएना रस्त्यावर ग्रेवेच्या पुढे एका शेतघरी दोन रात्री राहिलो (फ्लॉरेन्सच्या चारातल्या दोन तिकडे वळवल्या). मालक आणि बाबा एकाच वयाचे. काढणी उरकली होती, पानं पिवळी-लाल. बाबा वाईनकडे गेलेच नाहीत, आधी वेलीकडे. खोड चाचपलं, दोन ओळींतलं अंतर पावलांनी मोजलं. मला दुभाष्या केलं.

"छाटणी किती?" "एकदा. हिवाळ्यात, वेल झोपली की."

बाबांना हे झोपणं फार आवडलं. आमच्याकडे वेलीला झोप नाही, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, दोनदा उठवायची. मग, "एकरी किती निघतं?" त्यानं हेक्टरी साडेसात टन सांगितलं. तिथल्या किआंती क्लासिको वाईनला त्याहून जास्त काढायचं नाही, असा कायदाच आहे. मी हिशोब करून एकरी तीन टन म्हणालो. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गणित परत केलं. आमच्याकडे दहा-बारा टन निघाले तरी माणूस रडतो. "तीन टनात भागतं कसं?" मालकानं एक बाटली उचलून किंमत दाखवली. बाबांनी तिला गुणिले करत करत जिना चढायला सुरुवात केली.

कारण मालक आम्हाला माळ्यावर घेऊन गेला होता. कौलाखाली अंधारी खोली, खिडक्या उघड्या, आणि छतापासून टांगलेल्या साखळ्यांना पांढऱ्या द्राक्षांचे घड. शेकड्यांनी. अर्धवट सुकलेले, सुरकुतलेले, मधाच्या रंगाचे. वीन सांतो नावाच्या गोड वाईनची द्राक्षं. हिवाळाभर अशी सुकवतात, मग पिळून लहान पिंपांत वर्षानुवर्षं ठेवतात.

बाबा दारातच थांबले. मी बोलायला गेलो तर हात वर केला. वास घेत होते. मलाही तो आला: मार्च महिना, आमचं बेदाण्याचं शेड, जाळीवर पसरलेला माल. फक्त डिपिंग ऑइलचा (द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ज्यात बुडवतो त्याचा) वास नव्हता. त्यांनी एक मणी दोन बोटांत दाबला, कानाशी नेला (का ते मला आजही माहीत नाही) आणि म्हणाले, "अजून बरंच पाणी आहे. ह्याला सांग पूर्वेची खिडकी रात्री बंद कर, दव येतंय." मी सांगितलं. तो माणूस जरा वेळ बाबांकडे बघत राहिला, मग जाऊन खिडकी ओढून घेतली.

खाली आल्यावर दोन बोटं वीन सांतो आली, बरोबर बदामाची कडक बिस्किटं. बाबांनी बिस्किट बुडवून खाल्लं, मग पेला पालथा केला. दोन घोट झाले. तिसरा मागितला नाही. आई पलीकडे बसून भाजलेले चेस्टनट सोलत होती. तिनं विचारलं, "कसं आहे?" म्हणाले, "बेदाण्याचं पाणी आहे. तुला चालेल." आई म्हणाली, "गप बसा."

आल्यापासून एकच चाललंय. फेब्रुवारीत माल आला की वीस घड डिपिंग न करता शेडमध्ये टांगायचे म्हणतायत. आई विचारते कशासाठी. म्हणतात, "बघायला."


मोदेनाकर | ४ नोव्हेंबर, रात्री ११:४०

खिडकीचं वाचून उठून उभा राहिलो. काकांना नमस्कार सांगा.


नाशिक_रोड | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:००

थॉमसन जातीची द्राक्षं टांगणार असाल तर साखर बघून काढा, घाई नको. अकलूज अजून बाकी आहे.


नकोरे_बाबा | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

घरी वाईन करायला परवाना लागतो, माहीत आहे ना?


तासगावकर_सध्या_पुणे | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३४

नुसतं बघायला हो!


सुपारीफोड | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३६

फेब्रुवारीत तासगावला कट्टा. बघायला. कुकर मी आणतो.